दुधाच्या रांगेतला बिबट्या

एकोणीस वर्षं मावशींनी बाग पाहिली ती वीतभर अर्धगोलातून. तिकीट-खिडकीच्या काचेला खाली तेवढंच कापलेलं होतं. त्यातून लोकांचे हात आत यायचे आणि तिकिटं बाहेर जायची. चेहरे मावशींच्या फारसे ध्यानात राहत नसत, हात मात्र पक्के. शाईचे डाग पडलेला कुणा मास्तरांचा हात, बांगड्या वाजवत घाईघाईनं येणारा हात, आईच्या मनगटाआडून हळूच आत घुसणारी चिमुकली बोटं. तळ्यात बदकं किती, मागच्या टेकडीवर झाडी केवढी, असं कुणी विचारलं असतं तर त्यांनी काखा वर केल्या असत्या. रोज बागेत जाणारी आणि बाग न पाहिलेली अशी ती एकटीच बाई असावी.

मग फाटकावर तिकीट देणारं यंत्र आलं. यंत्राला चहा लागत नाही, रजा लागत नाही आणि त्याचा गुडघाही दुखत नाही. मावशींचा उजवा गुडघा तेव्हा नुकताच कुरकुरायला लागला होता. त्यातून त्या रोजंदारीवर. रोजंदारीवरच्या माणसाला कमी करायला कागद लागत नाही, नुसतं तोंडानं सांगितलं की झालं. पण बागेच्या अधीक्षक मॅडम कडक असल्या तरी सरळ बाई होत्या. त्यांनी मावशींना ऑफिसात बोलावलं.

"दर रविवारी मुलांसाठी एक उपक्रम सुरू करायचाय," मॅडम म्हणाल्या. "नाव 'बागेचे पहारेकरी'. सहा रविवारांची एक तुकडी. मुलांनी बाग ओळखायची, जपायची, वही भरायची, शेवटी शपथ घेऊन बिल्ला मिळवायचा. वर्षभर तुम्ही करून बघा. जमलं तर पुढचं बघू. नाही जमलं तर मग..."

मग काय, ते मॅडमनी सांगितलं नाही आणि मावशींनी विचारलं नाही.

पहिल्या रविवारी मावशींनी ऑफिसातून मिळालेला कागद खणखणीत आवाजात वाचून दाखवला. झाडांचं महत्त्व, पाण्याचं महत्त्व, पक्ष्यांचं महत्त्व. तिसऱ्या महत्त्वापर्यंत निम्मी मुलं झोपाळ्यांवर पोचली होती. उरलेली निम्मी थांबली ती केवळ झोपाळे संपले म्हणून. घरी येऊन मावशी नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, त्या यंत्रालाच लावायला हवं होतं या कामाला. पोरं पळाली तर त्याला वाईट तरी वाटलं नसतं."

तिसऱ्या रविवारी मात्र तळ्याच्या काठी चिखलात एका पोराला सशाचे ठसे सापडले. खरेखुरे. दोन लांब, दोन आखूड. त्यानं एकच ओरडा केला आणि सगळी फौज चिखलात उकिडवी बसली. ससा कुठून आला, कुठे गेला, पळत होता की चरत होता, एकटाच होता का, घाबरला होता का. अर्धा तास कुणी झोपाळ्याचं नाव काढलं नाही. मावशीही गुडघा विसरून खाली बसल्या. या बागेत कुणीतरी राहतं, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

पण ससा काही रविवार बघून येत नाही. मावशींनी हे गाऱ्हाणं नवऱ्यापुढे घातलं. नवऱ्याचं चपला-बूट दुरुस्तीचं दुकान होतं, आणि त्याच्या हातात एवढी कला होती की ती गिऱ्हाइकांच्या टाचांमध्ये वाया जात होती. त्यानं काही न बोलता एक जुना कॅनव्हासचा जोड घेतला, तळव्याखाली दोन बोटं जाडीचं रबर चिकटवलं आणि पुस्तकात बघून त्यावर हरणाचा खूर कोरला. वरून बघावं तर साधे बूट, खालून बघावं तर हरीण. मग कोल्हा झाला, मग रानमांजर झालं. रविवारी सकाळी मुलं यायच्या आधी मावशी ते बूट घालून ओल्या वाटेवरून फेरी मारून यायच्या. सुरुवातीला तोल जायचा, पण वर्षभरात त्या जनावराच्या पायांना इतक्या सरावल्या, की त्यांना साध्या चपलांतच चुकल्यासारखं वाटू लागलं. मुलांपासून त्यांनी काही लपवलं नव्हतं. "हे माझे ठसे. खरे सापडले तर मला हाक मारायची," असं त्या बजावून सांगत. मुलांनी त्यांचं नाव ठेवलं ठसेमावशी.

नियम त्यांनी एकच केला होता, पण तो लोखंडी. वहीचं डावं पान 'दिसलं'चं आणि उजवं पान 'वाटलं'चं. डोळ्यांनी बघितलं ते डावीकडे, मनात आलं ते उजवीकडे. 'कोल्हा भुकेला होता' असं कुणी डावीकडे लिहिलं की मावशी विचारायच्या, "त्यानं तुला सांगितलं का?" की मुलगा निमूटपणे खोडरबर काढायचा.

असं करता करता वर्ष सरत आलं. शेवटच्या तुकडीत सव्वीस मुलं होती. रविवारी त्यांची ठसे ओळखण्याची परीक्षा, मग शपथ, मग बिल्ले. वर्षभर एकदाही रविवारी न फिरकलेल्या मॅडम या वेळी बघायला येणार होत्या आणि सोमवारी मावशींचा निकाल लागणार होता. मावशींचा या कामात जीव अडकला होता, हे आडपडदा न ठेवता सांगायला हवं. ज्या बाईला पन्नाशीपर्यंत कुणी काही विचारलं नव्हतं, तिला आता दर रविवारी सव्वीस तोंडं एकदम विचारत होती, "मावशी, हे काय? मावशी, ते कुणाचं?" ते जाणार असेल तर बाकी काही राहिलं काय आणि गेलं काय, त्यांना सारखंच होतं.

परीक्षेसाठी काहीतरी झकास हवं म्हणून नवऱ्यानं शुक्रवारी एक खास जोड पुरा केला. बिबट्या. रुंद गादी, चार गोल बोटं, नखं आत ओढलेली. तिसऱ्या बोटाला सुरी जराशी घसरली, तेवढं सोडलं तर काम अव्वल.

शनिवारी सकाळी साडेसहाला मावशी बागेत पोचल्या. कोठीघरात चपला काढल्या, नवा जोड चढवला आणि तळ्याच्या काठानं एक फेरी मारून बघितली. ठसे असे उठले की त्यांच्या स्वतःच्याच अंगावर काटा आला. बिबट्या चालताना मागचा पाय बहुतेक वेळा पुढच्याच्या ठशावरच टाकतो, त्यामुळे त्याची वाट वरवर बघणाऱ्याला दोन पायांचीच वाटते. म्हणजे मावशींची चाल चपखल बसत होती. मान वाकडी करून त्या आपली कारागिरी न्याहाळत होत्या, तोच फोन वाजला.

"अगं, दुकानाची किल्ली तुझ्या पिशवीत गेलीय का?" नवरा विचारत होता. "ते लग्नाचे बूट न्यायला माणूस आठला येणार आहे."

किल्ली पिशवीतच होती. मावशींच्या तोंडून "अगं बाई" निघालं आणि त्या निघाल्याच. बिबट्या पायात तसाच. गल्लीत पाण्याची पाइपलाइन खणून ठेवलेली, सगळीकडे मऊ चिखल. कोपऱ्यावर दुधाच्या खिडकीपाशी थांबून त्यांनी एक पिशवी घेतली, जिना चढल्या, दारातल्या पायपुसण्यावर सवयीनं पाय पुसले, बूट काढून जोड्यांच्या मांडणीत ठेवले आणि नवऱ्याच्या हातात किल्ली दिली. त्या मांडणीत स्वतःचे, गिऱ्हाइकांचे, विसरलेले असे तीसेक जोड कायम असत, त्यात आणखी एक गेला. नवरा किल्ली घेऊन घाईनं दुकानात पळाला. चिखल बघायला त्याला तरी कुठे उसंत होती! मावशींनी घरातल्या सपाता घातल्या आणि चहा टाकला. पायांत काय होतं याची त्यांना आठवणसुद्धा राहिली नाही. वर्षभर जनावराच्या पायांनी चालणाऱ्या माणसाचं असंच होतं.

साडेसातला बागेच्या वॉचमननं तळ्याकाठचे ठसे पाहिले. हरणाच्या आणि कोल्ह्याच्या ठशांकडे हा गृहस्थ कधी ढुंकूनही बघत नसे. पण बिबट्याच्या ठशाला वेगळाच मान असतो. त्याची पाचावर धारण बसली. त्यानं मॅडमना ठशांचा फोटो पाठवून फोन केला, मॅडमनी बाग बंद केली. सव्वाआठला दूधवाल्याला खिडकीखाली तेच ठसे दिसले. आपण सकाळपासून त्याच खिडकीतून दूध देतोय आणि आपल्याला कुणी खाल्लेलं नाही, हे त्याच्या लक्षात आलं नाही. त्यानं शटर असं ओढलं की अर्धी गल्ली जागी झाली. नऊ वाजता गाडीवरचा कर्णा फिरू लागला, "नागरिकांनी घराबाहेर पडू नये, लहान मुलांना सांभाळावे." जिन्यातले ठसे दिसल्यावर तर इमारतीचे धाबेच दणाणले. लग्नाचे बूट गिऱ्हाइकाच्या हवाली करून नवरा अर्धं दुकान उघडं टाकून पळत घरी आला आणि वाटेत कुठेही खाली बघायची त्याची छाती झाली नाही.

वरच्या मजल्यावरचे काका गॅलरीतून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत होते, "मी पाहिलाय! या डोळ्यांनी! पिवळा धमक! सरळ जिना चढून वर आला!"

मावशींच्या अंगावर सकाळी पिवळी शाल होती, हे इथे नमूद केलेलं बरं.

बाकी कुणाहीपेक्षा जास्त घाबरल्या त्या मावशीच. ठसे त्यांच्याच दारापर्यंत आले होते. तळ्याकाठी सकाळी आपणच उठवलेले ठसे त्या भीतीत त्यांना आठवलेही नाहीत. दाराला कडी, कडीला कुलूप आणि कुलपापुढे शिलाई मशीन सरकवून त्या बसल्या. साडेनऊला मॅडमचा फोन आला.

"उद्याचा कार्यक्रम रद्द," मॅडम म्हणाल्या. "दुपारी वनखात्याची माणसं पिंजरा घेऊन येताहेत. आणि मावशी, खरं सांगू? हा उपक्रम पुढे चालेल असं मला वाटत नाही. मुलांना झाडीत पाठवायला आता कुठले आईबाप धजावतील?"

फोन ठेवल्यावर मावशींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. बिबट्यानं त्यांना खाल्लं असतं तर एवढं वाईट वाटलं नसतं. वर्षभराची मेहनत, सव्वीस वह्या, खोक्यात घासूनपुसून ठेवलेले बिल्ले, सगळं एका जनावरानं एका सकाळीत मातीत घातलं होतं.

नवरा मात्र उठला. त्यानं शिलाई मशीन बाजूला केलं, कुलूप-कडी काढली, दार वीतभर उघडून बाहेरच्या फरशीकडे पाहिलं. मग खाली बसला. चिखलातल्या एका ठशावरून बोट फिरवलं.

"आत या हो," मावशी ओरडल्या. "जीव नकोसा झालाय का?"

"तिसऱ्या बोटाला," नवरा सावकाश म्हणाला, "सुरी घसरली होती माझी."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग दोघांनी जोड्यांच्या मांडणीकडे पाहिलं. खालच्या फळीवर बिबट्या अगदी शहाण्यासारखा बसला होता, तळव्याला चिखल लावून.

मावशींना आधी हायसं वाटलं. बिबट्या नाही! कुणाचं पोर उचलून नेणार नाही! हे हायसं वाटणं जेमतेम मिनिटभर टिकलं.

"हे मी केलं," त्या म्हणाल्या. "मी अख्खी वस्ती घरात कोंडली."

नवरा व्यवहारी माणूस. त्यानं बूट उचलले, उलटे केले आणि हत्यारांच्या पेटीतून सुरी काढली. "हे बघ, पाच मिनिटांत रबर सोलून टाकतो. पिंजरा लावतील, चार दिवस बसतील, काही सापडणार नाही. बिबट्या निघून गेला म्हणतील. लोक विसरतील, तुझे रविवार परत सुरू होतील. तू कबूल केलंस तर मात्र उद्यापासून घरी. रोजंदारीच्या माणसाला कोण विचारतंय?"

खोटं काही नव्हतं त्याच्या बोलण्यात. मावशींना ते पटतही होतं, हेच तर वाईट होतं. सुरीचं पातं रबराला टेकलं, आणि दारावर टकटक झालं.

खालच्या मजल्यावरची चष्मिष होती. नऊ वर्षांची, सव्वीस पहारेकऱ्यांमधली एक. चष्म्याच्या दांडीला दोरी, काखेत वही.

"मावशी, मी वर आले हे आईला सांगू नको हं," ती आत घुसत म्हणाली. नवऱ्यानं बूट झटकन पाठीमागे धरले. "मला परीक्षेचं विचारायचंय."

"परीक्षा रद्द झाली गं, राणी."

"माहितीय. पण मी सोडवून टाकली." तिनं वही उघडून पुढे केली. "आईनं मला सकाळी दूध आणायला पाठवलं होतं ना, कर्णा यायच्या आधी, तेव्हाच बघितलं सगळं. मोजलं पण."

डाव्या पानावर, 'दिसलं'च्या खाली, तिच्या गोलगोल अक्षरात लिहिलं होतं:

'दुधाच्या खिडकीपुढे ठसे दोनच. शेजारी शेजारी. तोंड खिडकीकडे. मागच्या पायांचे ठसे नाहीत. जिन्यात एका पायरीवर एक ठसा. डावा, उजवा, डावा, उजवा. उजवा ठसा डाव्यापेक्षा कमी खोल. तिसऱ्या मजल्यावर पायपुसण्याला चिखल पुसलेला आहे.'

उजव्या पानावर, 'वाटलं'च्या खाली तीनच ओळी होत्या:

'बिबट्या रांगेत उभा राहत नाही. बिबट्या पाय पुसत नाही. मला वाटतं, या बिबट्याचा उजवा गुडघा दुखतो.'

"अजून एक ओळ राहिलीय," चष्मिष म्हणाली. तिनं मावशींच्या गुडघ्याकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे. "लिहू का?"

नऊ वर्षांची पोर ओळीत काय लिहायचं ते पुरतं ओळखून होती, आणि तरी विचारायला आली होती. मावशींनी नुसती मान हलवून 'नको' म्हटलं असतं तर तिनं वही मिटली असती, कुणालाही काही बोलली नसती. आणि पुन्हा कधी वहीची दोन पानं तिनं वेगळी ठेवली नसती. मावशींना हे एवढं स्पष्ट दिसलं, की विचार करायला फारसा वेळ लागलाच नाही.

"अहो, ते बूट द्या इकडे," त्या म्हणाल्या.

"अगं पण..."

"द्या म्हणते ना!"

त्यांनी बूट उलटा करून चष्मिषच्या चष्म्यापुढे धरला. "हे बघ. दिसलं?"

"दिसलं."

"मग 'वाटलं'च्या पानावर कशाला लिहितेस? डावीकडे लिही. ठसेमावशीच्या बुटाचा तळ आणि ठसे एकच. चूक मावशीची. लिही नीट."

चष्मिषनं जमिनीवर पालथं पडून लिहिलं. लिहिताना तिची जीभ बाहेर आली होती. लिहून झाल्यावर तिनं हळूच विचारलं, "तुला ओरडतील का गं?"

"ओरडतील तर ऐकून घेऊ," मावशी म्हणाल्या. "वही देतेस थोडा वेळ?"

गल्ली ओस पडली होती. खिडक्याखिडक्यांतून डोकी दिसत होती. कापडी पिशवीत बूट आणि वही घालून मावशी एकट्या रस्त्याच्या मधून चालल्या होत्या, आणि दोन्ही बाजूंनी लोक ओरडत होते, "अहो बाई, वेड लागलंय का? मागे फिरा!" दूधवाल्यानं शटर बोटभर वर करून आतून हाक मारली, "मावशी, पळा! बिबट्या आहे!"

"काळजी करू नका," मावशी म्हणाल्या. "तो माझ्या पिशवीत आहे."

भीतीनं बाईचं डोकं फिरलं असं समजून त्यानं शटर पुन्हा खाली ओढलं.

ऑफिसात मॅडम वॉचमनशी आणि फोनशी एकाच वेळी बोलत होत्या. मावशींनी पिशवीतले बूट काढून टेबलावर उपडे ठेवले, बाजूला वही ठेवली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. किल्ली, चिखल, दूध, जिना. मध्ये थांबल्या असत्या तर पुढे बोलणं जमलं नसतं. वॉचमन बुटांकडे बघत राहिला. मग कपाळावरचा घाम पुसून तो भिंतीला टेकला. "म्हणजे नाहीये?" त्यानं विचारलं. "खरंच नाहीये?"

"नाहीये," मावशी म्हणाल्या.

"बरं झालं हो," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात राग शोधूनही सापडला नसता.

मॅडमनी आधी वनखात्याला फोन करून पिंजरा नको म्हणून कळवलं, मग कर्णेवाल्यांना कळवलं. मग वही उघडली. डावं पान वाचलं, उजवं वाचलं, परत डावं वाचलं. दुधाच्या खिडकीपाशी आल्यावर त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला, पण त्यांनी तो लगेच जागेवर आणला.

"हे कुणी लिहिलंय?"

"आमच्या खालच्या मजल्यावरची. शेवटच्या तुकडीतली."

"वय?"

"नऊ."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "वॉचमननं बिबट्या पाहिला. दूधवाल्यानं पाहिला. तुमच्या इमारतीतल्या कुणा काकांनी तर त्याचा रंगसुद्धा सांगितला मला फोनवर. मीही फोटो पाहिला आणि बाग बंद केली. ठसे मोजायला कुणी थांबलं नाही, ही मुलगी सोडून." त्यांनी वही मिटली. "आणि तिनं तुम्हाला ओळखल्यावर तुम्ही काय केलंत?"

"बूट दाखवला. म्हटलं, डावीकडे लिही."

मॅडमनी खण उघडला आणि एक कोरा कागद काढला.

"तुमच्यामुळे सकाळभर अख्खी वस्ती घरात बसली, मावशी. यावर मेमो द्यावाच लागेल. पण अडचण अशी आहे, की रोजंदारीवरच्या माणसाला मेमो देता येत नाही. त्याला फक्त उद्यापासून येऊ नका एवढंच सांगता येतं."

मावशींनी मान खाली घातली. हे ऐकायचंच म्हणून त्या घरून निघाल्या होत्या. सव्वीस बिल्ल्यांचं खोकं कोठीघरात उजव्या फळीवर आहे, एवढं सांगायला हवं, असं त्यांच्या मनात आलं.

मॅडमनी खणातून दुसरा कागद काढला. तो टाइप केलेला होता. "यावर मी सोमवारी सही करणार होते, वर्ष पुरं झाल्यावर. पण सोमवारी केली तर आजचा मेमो कुणाला देऊ?" त्यांनी पेनाचं टोपण काढलं, सही केली, शिक्का मारला आणि मग कोऱ्या कागदावर मेमो लिहायला घेतला. लिहिता लिहिता म्हणाल्या, "हे बूट बागेच्या बाहेर जायचे नाहीत. ठशांची वाट सुरू होते तिथे पाटी लागेल, हे ठसे उपक्रमाचे आहेत म्हणून. आणि उद्या दहाला मी येतेय. त्या मुलीला पहिल्या रांगेत बसवा."

दोन्ही कागद मावशींनी पदराला हात पुसून घेतले.

त्या घरी पोचेपर्यंत कर्णा खरी बातमी सांगून गेला होता आणि गल्ली लोकांनी भरली होती. कुणी हसलं, कुणी चार शब्द सुनावले, दूधवाल्यानं लांबूनच हात जोडले. वरचे काका मात्र जिन्याच्या कठड्याला टेकून फुरंगटले होते. "मग मी पाहिला तो कोण?" ते ज्याला त्याला विचारत होते. त्यांच्या हातातून अख्खा बिबट्या काढून घेतल्याचं दुःख त्यांच्या तोंडावर मावत नव्हतं. मावशींनी पिवळी शाल नीट केली आणि काही न बोलता वर गेल्या.

नवरा जिन्यातच उभा होता. "काय झालं?"

"मेमो मिळाला," मावशी म्हणाल्या, आणि तिथेच पायरीवर बसून हुंदके देऊन रडायला लागल्या. सकाळपासून आवरून धरलेलं सगळं आता वाहून चाललं होतं.

नवऱ्याचा चेहरा उतरला. "मी सांगत होतो," तो पुटपुटला. "जाऊ दे. दुकान आहे आपलं, उपाशी नाही मरायचो." त्यानं मावशींच्या हातातला वरचा कागद घेतला, उजेडाकडे धरला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. "प्रति, बागेच्या बालउपक्रम विभागाच्या कायम कर्मचारी यांस. आज रोजी आपल्या निष्काळजीपणामुळे..."

तो थांबला. खालच्या मजल्यावरून चष्मिष वर बघत होती. मावशी रडत होत्या आणि हसतही होत्या.

"निष्काळजीपणा राहू द्या हो," त्या नाक पुसत म्हणाल्या. "वरची ओळ वाचा. कर्मचारीच्या आधी काय लिहिलंय, ते परत एकदा वाचा."

नवऱ्यानं परत वाचलं. या वेळी 'कायम'वर बोट ठेवून, एकेक अक्षर सुटं करत.